कल्याणच्या कन्येचा अर्ज

इसवी सन १८८३ च्या जून महिन्याच्या २८ तारखेस अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे चिटणीस आल्फ्रेड जोन्स यांच्या नावे एक अर्ज लिहिला गेला. अर्जदार स्त्रीचे वय अठरा वर्षे आणि तीन महिने. तिला अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवून पुरता महिनाही झाला नव्हता. कोणत्याही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ती उत्तीर्ण झालेली नव्हती. नवरा सात समुद्रांपलीकडे बंगालमध्ये टपालखात्यात नोकरीस होता, आणि त्याच्या पगारातून परदेशातील तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण पार पडणे अशक्य होते. अर्जाखाली सही होती आनंदीबाई जोशी यांची. ठाणे जिल्ह्यातील कल्याण हे त्यांचे माहेर.

आनंदीबाईंचे चरित्र महाराष्ट्रास अपरिचित नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीने त्यांचे इंग्रजी चरित्र बोस्टन येथे प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकरांनी मराठी चरित्र लिहिले. आणि पुढे श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने ‘आनंदी गोपाळ’ ही नावांची जोडी घराघरांत नेली. परंतु या साऱ्या कथनांत समुद्रप्रवास, जातीचा विरोध आणि अकाली मृत्यू यांनाच इतकी जागा मिळाली आहे, की एक साधा व्यावहारिक प्रश्न बाजूस राहतो. पैसे आले कोठून? कोणी दिले, काय सांगून मागितले आणि कोणत्या अटीवर मिळाले? शिक्षणासाठी हात पसरण्याचा प्रसंग ज्या घरावर आला असेल, त्या घरास या प्रश्नाचे महत्त्व समजावून सांगण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यास साहाय्य करण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हती. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्याच निधीतून पुण्याची संस्कृत पाठशाळा १८२१ साली निघाली, पुढे ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि अखेर महाविद्यालयांतील हुशार पदवीधरांस ‘दक्षिणा फेलो’ म्हणून वेतन मिळू लागले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही या वेतनाचे धनी. १८६६ पासून जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेस जोडली गेली, आणि ती मिळविणे हा पुढे कित्येक पिढ्या मोठा मान समजला गेला. याखेरीज सरकारी दप्तरात नसलेली, पण सर्वांत मोठी शिष्यवृत्ती म्हणजे माधुकरी. सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी असे वार लावून जेवणारे विद्यार्थी पुण्यामुंबईत शेकड्यांनी होते, आणि त्यांतील कित्येक पुढे न्यायासनावर बसले. परंतु या साऱ्या व्यवस्थेत मुलगी कोठे होती? ती वार लावून जेवू शकत नव्हती, झोळी घेऊन निघू शकत नव्हती, मॅट्रिकला बसण्याइतकी शाळाही तिच्या वाट्यास येत नव्हती. दात्यांची कमतरता नव्हती. मुलीने मागावयाचे कोणत्या दारी, हेच ठरलेले नव्हते.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेस हे दार शोधावे लागले. वडील गणपतराव जमीनदार होते. कल्याण तेव्हा अगदीच आडगाव राहिले नव्हते. १८५३ च्या एप्रिलात मुंबईहून ठाण्यास आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणास पोचली होती, आणि १८६४ पासून गावात सार्वजनिक वाचनालय होते. तरीही आगगाडीतून मुंबईस जाऊन शिकण्याची कल्पना मुलांपुरतीच होती. यमुनेचे लग्न वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, गोपाळराव जोशी या संगमनेरच्या बिजवराशी झाले. वधू शिकविण्यास हरकत घ्यावयाची नाही, ही गोपाळरावांची लग्नातील अट. आनंदी हे सासरचे नाव.

गोपाळरावांविषयी एका वाक्यात निकाल देता येत नाही. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास खरा, आणि त्या ध्यासापायी त्यांनी तिला मारल्याचेही खरे. पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण अगदी शांत शब्दांत दिली आहे. ज्याने दार उघडले त्याच्याच हातची जखम अंगावर असावी, असा हा संसार होता. बदलीच्या नोकरीमुळे तो संसार गावोगाव हिंडत राहिला. आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ चरित्रकारांनी या दुःखात पाहिले आहे, आणि त्यात अतिशयोक्ती दिसत नाही.

साहाय्याची पहिली मागणी मात्र आनंदीबाईंनी केली नाही. ती गोपाळरावांनी केली. १८७८ च्या सप्टेंबरात ते कोल्हापुरास होते. तेथील एका अमेरिकन मिशनऱ्याच्या द्वारे त्यांनी अमेरिकेतील रॉयल वाइल्डर यांच्याकडे पत्र पाठविले. आपण पत्नीसह अमेरिकेस येऊ इच्छितो, आपणांस काही काम मिळावे आणि पत्नीस शिक्षण मिळावे, अशी ती विनंती होती. वाइल्डर यांनी स्वतः कोल्हापुरात पुष्कळ वर्षे मिशनचे काम केले होते, आणि परत गेल्यावर ते ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवीत होते. त्यांनी उत्तर दिले ते असे, की या गृहस्थाने हिंदुस्थानातच राहावे आणि ख्रिस्ताचा स्वीकार करावा. मदतीचा दरवाजा बंद नव्हता. उंबरठ्यावर धर्मांतर ठेवलेले होते. वाइल्डर यांच्यावर यासाठी फार रागावण्याचे कारण नाही. दुकानात गेल्यावर दुकानदाराने किंमत सांगितली, तर तो त्याचा अपराध नव्हे. गोपाळरावांस ती किंमत द्यावयाची नव्हती, एवढ्यावरच हा पत्रव्यवहार संपला असता.

तो संपला नाही, कारण वाइल्डर यांनी पत्र आणि उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती पडला. कोण कोठचा कारकून, त्याची कोण कोठची पत्नी. परंतु त्या मुलीची शिकण्याची इच्छा त्या बाईंच्या मनात रुतली. त्यांनी हिंदुस्थानात पत्र लिहिले. त्यानंतर सुमारे तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कार्पेंटरबाई धनाढ्य नव्हत्या, संस्थानिक नव्हत्या, त्यांच्याजवळ कोणताही निधी नव्हता. त्यांनी देऊ केले ते आपले घर. परक्या देशात शिकावयास जाणाऱ्या मुलीच्या हिशेबात घराची किंमत काय मांडावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते घर नसते तर पुढच्या शिष्यवृत्तीचा प्रश्नच उद्भवला नसता.

दरम्यान गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. कलकत्त्यातील थोबर्न या अमेरिकन दांपत्याने आनंदीबाईंना पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव सुचविले. ही संस्था १८५० साली स्थापन झालेली; स्त्रियांना वैद्यकीय पदवी देण्यासाठीच निघालेल्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होती. दोघांनी जावयाचे तर दोघांचा खर्च आणि नोकरीचाही त्याग. तेव्हा गोपाळरावांनी ठरविले, की आनंदीने एकटीने पुढे जावे. अठराव्या वर्षी, नवऱ्यावाचून, आगबोटीने! कल्याण, ठाणे, पुणे आणि कलकत्ता येथील आप्तस्वकीयांत या बातमीने काय झाले असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

या विरोधास उत्तर म्हणून आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस श्रीरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीतून भाषण केले. आपण अमेरिकेस का जात आहोत, हा त्याचा विषय. लोक जे जे विचारीत होते, ते ते प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीने का जाता? जात बहिष्कार घालील त्याचे काय? मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश मिळत होता, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. परंतु देशात राहून शिकताना हिंदू स्त्रीस जो उपहास आणि जी अडवणूक सोसावी लागेल, ती त्यांनी स्पष्ट बोलून दाखविली. मुंबईच्या रस्त्यांतून पुस्तके घेऊन शाळेत जाताना लोकांच्या नजरा त्यांनी सोसलेल्या होत्या. आणि शेवटी त्यांनी निक्षून सांगितले, की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार.

हे शेवटचे वाक्य केवळ अभिमानाचे नव्हते. मदत मागणाऱ्याने मदत हाती येण्यापूर्वीच आपली मर्यादा जाहीर केली होती. ज्या मंडळींकडून साहाय्याची सर्वांत अधिक आशा, त्यांतली कित्येक मिशनशी संबंधित. आणि भाषण तर श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी स्थापिलेल्या कॉलेजात. तेथे उभे राहून हे सांगणे म्हणजे काही दात्यांस आधीच निरोप देणे होते. तरी भाषणाची वार्ता वृत्तपत्रांतून पसरली आणि थोडीबहुत मदत येऊ लागली. उरलेल्यासाठी आनंदीबाईंनी वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. कल्याणहून सासरी जाताना जे स्त्रीधन मिळाले, ते आगबोटीच्या तिकिटात गेले. एप्रिलच्या ७ तारखेस त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरमावशी हजर होत्या.

आता त्या अर्जाकडे वळावयाचे. साहाय्यासाठी अर्ज कसा लिहावा, हे शिकविणारी पुस्तके आज पुष्कळ निघाली आहेत. आनंदीबाईंपुढे असा एकही नमुना नव्हता. त्यांनी जे लिहिले त्यात तीन गोष्टी ठळक दिसतात. आपली प्रकृती चांगली आहे आणि मित्र व जात यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता ज्या निर्धाराने आपण येथवर आलो, तो निर्धारच पुढील कार्य तडीस नेण्यास उपयोगी पडेल, हे त्यांनी प्रथम सांगितले. नंतर हेतू. आपल्या देशभगिनी पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आपण शिकू इच्छितो. तिसरी गोष्ट सर्वांत धीटपणाची. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकत नसू, हे त्यांनी उघडपणे मान्य केले आणि आपले प्रकरण अपवादात्मक समजून सहृदयतेने विचार व्हावा, अशी विनंती केली.

उणीव लपविणे हा अर्जदारांचा जुना रोग आहे. येथे उणीवच पुढे ठेवलेली आढळते, आणि तिच्याबरोबर तिचे कारणही आपोआप दिसते: ज्या देशात मुलीस शाळा नाही, त्या देशातील मुलीजवळ शाळेचा दाखला कोठून येणार? स्वतःच्या दारिद्र्याचे वर्णन करून करुणा भाकण्याचा मोह त्यांनी आवरला आहे. भर आहे तो त्या विद्येची ज्यांना गरज आहे, त्या बायकांवर. मागणाऱ्याने मान ताठ ठेवून मागावे म्हणतात. ते प्रत्यक्षात कसे दिसते, त्याचे हे उदाहरण होय. पत्राची इंग्रजी भाषाही पाहण्यासारखी आहे. नऊ वर्षांपूर्वी जिचे अक्षरज्ञान बेताचे, तिची ही वाक्यरचना!

महाविद्यालयाने उत्तर दिले ते तत्परतेने. प्रवेश मिळाला, आणि तीन वर्षांकरिता ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. प्रमुख अधिकारी होत्या रेचल बॉडली. मूळच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका, १८७४ पासून महाविद्यालयाच्या डीन. त्या स्वतः धर्मनिष्ठ होत्या, आणि त्यांच्या संस्थेतून शिकलेल्या कित्येक स्त्रिया मिशनच्या दवाखान्यांत काम करण्यासाठी आशियात गेल्या. तरी या शिष्यवृत्तीच्या कागदात धर्मांतराची अट नव्हती. प्रिन्स्टनच्या मासिकाने जी किंमत सांगितली होती, ती फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाने मागितली नाही. पाच वर्षांच्या अंतराने एकाच देशाने, एकाच घराच्या विनंतीला दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

शिष्यवृत्तीने फी भागते. थंडी भागत नाही. पहिल्या हिवाळ्यात आनंदीबाई ज्या खोलीत राहिल्या, तेथील शेगडी नीट पेटत नसे. पेटविली तर धूर, विझविली तर गारठा. नऊवारी लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही; लुगड्याची तऱ्हा थंडीसाठी थोडी बदलली इतकेच. पुढे बॉडलीबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी नेले, पण प्रकृती एकदा खालावली ती पुन्हा सावरली नाही. अर्जात ‘प्रकृती चांगली आहे’ असे लिहिणाऱ्या मुलीस तीन वर्षांत क्षयाने गाठले. १८८६ च्या मार्चच्या ११ तारखेस त्यांना एम्. डी. ची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदानास गोपाळराव आलेले होते, आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही केली. परंतु वर्षाखेर मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठीच. १८८७ च्या फेब्रुवारीच्या २६ तारखेस पुण्यास त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीसही नव्हते.

हिशेबनीसाच्या वहीत ही शिष्यवृत्ती बुडीत खाती जाईल. तीन वर्षांचा खर्च झाला आणि एकही रुग्ण तपासला गेला नाही. परंतु त्याच महाविद्यालयाने नंतर जे अर्ज मंजूर केले, ते पाहिले म्हणजे हा हिशेब अपुरा वाटू लागतो. १८८५ च्या ऑक्टोबरात घेतलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबुली बसलेल्या दिसतात. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाल्या, इस्लांबुली त्यानंतर. १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर या मराठी ख्रिस्ती स्त्रीने त्याच महाविद्यालयाची पदवी घेतली, आणि परतल्यावर मुंबईत दीर्घकाळ वैद्यकी केली.

इकडे हिंदुस्थानातही मागण्याचे दार तयार होऊ लागले होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज, आनंदीबाई अमेरिकेस गेल्या त्याच १८८३ मध्ये, स्त्रियांना खुले झाले. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहून त्यातून वैद्यकी शिकणाऱ्या स्त्रियांस वेतने मिळू लागली. बालपणी झालेला विवाह नाकारून न्यायालयात लढलेल्या रखमाबाईंसाठी तर इंग्लंडातील व येथील हितचिंतकांनी वर्गणी जमविली. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी जन्मभर रुग्णसेवा केली. ज्या कामासाठी आनंदीबाईंनी अर्ज केला, ते रखमाबाईंच्या हातून झाले.

अटीचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्याने रूप बदलले. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार. अट न्याय्यच होती. संस्थानच्या पैशाने शिकलेल्याने संस्थानची सेवा करावी, यात गैर काय? परंतु १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळण्यास बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात अस्पृश्याला राहावयास जागा मिळेना, आणि त्यांना परतावे लागले. विद्यार्थ्याने काय करावे हे करारात लिहिलेले असते. त्याला समाजाने घर द्यावे, हे कोणत्याच करारात नसते. कार्पेंटरमावशींच्या घराची किंमत येथे पुन्हा आठवते.

आज कल्याण, डोंबिवली आणि ठाणे येथे महाविद्यालये पुष्कळ झाली आहेत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला जातो. त्यास उत्पन्नाचा दाखला लागतो, गुणपत्रिका लागते, आणि एखादा कागद राहिला म्हणजे अर्ज परत येतो. आनंदीबाईंजवळ यांतील गुणपत्रिका नव्हतीच. त्यांचा अर्ज ज्यांच्या टेबलावर गेला, त्यांनी कागद कमी आहेत म्हणून तो परत केला नाही, हे त्या लोकांच्या पदरी श्रेय म्हणून मांडावे लागेल.

आनंदीबाईंच्या रक्षेचा काही अंश गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे अमेरिकेस पाठविला. त्यांनी तो न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरून त्यावर शिळा उभारली. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचे शब्द त्या शिळेवर कोरलेले आहेत.